आमची गांडूळपेटी

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य मराठी शाळेत गेलेल्या बहुतेक प्रत्येक मुलाने कधी ना कधी पाठ केलेले असते. परंतु पाठ करीत असतानाच त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट ठसते, ती ही की, हा मित्र शेतकऱ्याचा. आपला व त्याचा काही संबंध नाही. पुढे मोठेपणी आपण या प्राण्याचे नाव घेतो ते कोणा भित्र्या, बोटचेप्या गृहस्थास नावे ठेवावयाची झाली म्हणजे. ज्यास कणा नाही त्यास गांडूळ म्हणावे, असा आपल्या भाषेचा शिरस्ताच पडून गेला आहे. कणा नसताना हा प्राणी जितकी माती उलथीत असतो, तितकी कणा असलेल्यांपैकी फार थोडे उलथीत असतील. पण भाषेस शिकविणार कोण? आम्ही पालघरास राहतो. गेली चार वर्षे आमच्या अकरा माणसांच्या घरात या प्राण्याचाही एक मोठा संसार सुखाने नांदत आहे. जे जे पाहुणे येतात ते ते परसदारी जाऊन पाहतात, नाक मुरडण्याच्या तयारीने जातात, आणि परत येऊन प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे एकदा लिहूनच ठेवावी, म्हणून हा प्रपंच.

आमच्या आजोबांच्या वेळी घरात कचरा म्हणून निराळी वस्तू फारशी नव्हतीच. भाजीची देठे व साली गाईपुढे जात. जेवणाआधी गोग्रास निघे, पानाबाहेर चित्राहुती पडत, कावळ्याचा वाटा कावळ्यास मिळे. खरकटे पाणी केळीच्या व अळवाच्या आळ्यात जाई, शेण उकिरड्यावर पडे आणि निर्माल्य विहिरीकाठच्या झाडाच्या बुंध्याशी. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ म्हणून एक सांगितला आहे. प्राणिमात्रास आपल्या अन्नातला भाग द्यावा, असा त्याचा अर्थ. तो सांगणारे ग्रंथ माजघरातल्या फडताळात होते आणि तो करणाऱ्या बायका स्वयंपाकघरात होत्या. पुढे गाय गेली, परस आखडले, अळवाच्या जागी मोटार उभी राहू लागली. आणि भोपळ्याच्या सालीस जावयास प्लॅस्टिकच्या पिशवीखेरीज जागा उरली नाही.

वास्तविक साल ही सोलल्या क्षणी अन्नच असते. तिच्यावर शिळी आमटी, दाढीचे पाते, औषधाची रिकामी कुपी व केराची धूळ पडली म्हणजे तिची घाण होते. ही घाण जन्मास येते आपल्या घरात, आणि निस्तरतो मात्र तिला दुसराच कोणी. सोवळे इतक्या बारकाईने पाळणाऱ्या घरांतून हा एवढा मोठा अमंगळ प्रकार रोज सकाळी उंबऱ्याबाहेर ढकलला जातो, आणि ढकलल्यावर त्याचे ओवळे कोणास लागते याची चौकशी कोणी करीत नाही.

२०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांनी प्रत्येक घराने ओला, सुका व घरगुती धोक्याचा असा तीन प्रकारचा कचरा निरनिराळा ठेवावा असे सांगितले. नियम छापून आले, भिंतींवर रंगविले गेले. पण एके सकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी जे पाहिले, त्याने नियमापेक्षा अधिक काम केले. घंटागाडीवरील एक तरुण पिशव्या फोडून हातांनी त्यातील प्लॅस्टिक वेचीत होता. कोणाच्या पिशवीत होती कोण जाणे, एक काच त्याच्या तळहातात शिरली. आमची धाकटी सून पट्टी व औषध घेऊन धावली. त्याने पट्टी बांधून घेतली, आणि कोणतीही तक्रार न करता म्हणाला, “ताई, ओलं वेगळं मिळालं ना, तर आम्हाला हात घालावाच लागत नाही.” एवढे बोलून तो दुसऱ्या हाताने वेचू लागला.

त्या रात्री पानावर हाच विषय निघाला. मुलांनी कोठून तरी वाचून गांडुळांची गोष्ट काढली, आणि घरात दोन तट पडले. विरुद्ध तटाच्या सेनापती आमच्या थोरल्या काकू. वय ब्याऐंशी, वाचन दांडगे. त्यांचे आक्षेप तीन. पहिला, घरात वळवळणारे किडे नकोत. दुसरा, घाण सुटेल. या दोहोंस उत्तरे सोपी होती. तिसरा आक्षेप मात्र आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीही आला नव्हता. त्या म्हणाल्या, “मुके जीव डांबून ठेवायचे आणि त्यांच्याकडून खत करून घ्यायचं, हे मला पटत नाही.” यावर आमच्या थोरल्या मुलाने सांगितले की, पेटीस कुलूप नसते, वरचे गोणपाट नुसते पसरलेले असते, आतली स्थिती मानवली नाही तर गांडुळे रातोरात निघून जातात. जाण्याची वाट मोकळी असून जेथून कोणी जात नाही त्यास तुरुंग कसे म्हणावे? काकू शांतपणे म्हणाल्या, “आम्हा सुनांविषयीही पूर्वी असंच म्हणत असत.” यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग काकूंनीच निकाल दिला, “आणा. पण त्यांची आबाळ झालेली मला चालणार नाही.” तो दिवस आणि आजचा दिवस, पेटीची खरी मालकी काकूंकडे आहे.

आता पेटीविषयी. प्रथम एक समज दूर केला पाहिजे. मृगाच्या सरींनंतर अंगणात जी गांडुळे दिसतात ती या कामाची नव्हेत. ती माती खाणारी व खोल बिळे करून राहणारी आहेत. त्यांस पेटीत घालणे म्हणजे शेतकऱ्यास चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड देण्यासारखे आहे. पेटीस लागतात ती कुजत्या पाल्यात, पृष्ठभागाजवळ राहणारी. ‘आयसेनिया फेटिडा’ हे तांबूस व अंगावर फिकट पट्टे असलेले, आणि ‘युड्रिलस युजेनी’ हे मूळचे आफ्रिकेचे, लांब व जांभळट छटेचे, या दोन जाती आपल्याकडे अधिक प्रचारात आहेत. दुसरी जात उष्ण हवेस चांगली टिकते, म्हणून आम्ही केळवे-माहीमकडील एका बागायतदाराकडून तिचीच एक किलो गांडुळे आणली. एका किलोत सुमारे हजारभर भरतात.

माळ्यावर पाण्याच्या हंड्यांची एक जुनी घडवंची पडून होती, ती खाली काढली. तिच्यावर फळे भरण्याची दोन जाळीदार क्रेटे ठेवली व त्यांस आतून गोणपाट लावले. घडवंचीचे चारही पाय पाणी भरलेल्या करवंट्यांत उभे केले. हे पाणी लाल मुंग्यांसाठी. गांडुळांचा कोकणपट्टीतला खरा शत्रू हाच आहे, आणि घडवंचीच्या पायास पाण्याचा खंदक असला म्हणजे तो फिरकत नाही. तळाशी नारळाची सोडणे पसरली, म्हणजे पाणी साचत नाही आणि खालून वारा खेळतो. त्यावर परसातला आंब्याफणसाचा पातेरा, त्यावर भिजवून पिळलेला काथ्याचा भुसा, आणि सर्वांवर पंधरा-वीस दिवस सावलीत पडून निवलेले शेण. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते आणि त्या उष्णतेने गांडुळे मरतात. सर्व थर मिळून फूटभर जाडीचे झाले. पाणी शिंपडून आठ दिवस तसेच ठेवले, रोज हात घालून पाहिले, आणि आत ऊब लागेनाशी झाली तेव्हा गांडुळे वर सोडली. त्यांस डोळे नाहीत, पण उजेड कातडीस समजतो. बघता बघता सारी मंडळी आत दिसेनाशी झाली.

ओल किती ठेवावी, हा प्रश्न सर्वजण विचारतात. आतला भुसा मुठीत धरून दाबावा. बोटांतून थेंब-दोन थेंब पडावे, धार लागू नये. गांडूळ श्वास घेते ते ओल्या कातडीतून. कातडी सुकली तर ते गुदमरते, आणि पाण्यात बुडून राहिले तरी गुदमरते. याच कारणासाठी मीठ त्यास विष आहे, कारण मीठ कातडीतले पाणी ओढून घेते. लोणच्याचा खार, पापडाचे तुकडे, फोडणीची भाजी, यांपैकी काहीही पेटीत जावयाचे नाही.

खाणे हा तर शास्त्राचा आणि संसाराचा असा दुहेरी विषय आहे. सारे अनुकूल असले तर गांडुळे दररोज आपल्या वजनाच्या निम्म्याइतके अन्न संपवितात, म्हणजे एक किलो गांडुळांस अर्धा किलो. आम्ही आठवडाभर तराजू ठेवून पाहिले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातून न शिजविलेला ओला कचरा रोज सरासरी दीड किलो निघाला. तेव्हा पहिले काही महिने उरलेला एक किलो केळीच्या आळ्यात खड्डा करून पुरला. या काळात गांडुळांची संख्या वाढत गेली. त्यांची अंडी असतात ती मोहरीहून किंचित मोठ्या, लिंबाच्या आकाराच्या पिवळट कोशांत. एकेका कोशातून दोन-तीन पिले निघतात आणि दीड-दोन महिन्यांत ती स्वतः संसारास लागतात. वर्ष सरण्यापूर्वी केळीखालचा खड्डा बंद झाला.

अन्न वरती पसरू नये. एका कोपऱ्यात ओंजळभर खळगा करून त्यात बारीक चिरलेल्या साली घालाव्या, वर पातेऱ्याची मूठ टाकावी. दुसऱ्या दिवशी पुढचा कोपरा. अशा रीतीने पाळी फिरून पहिल्या कोपऱ्याशी येईपर्यंत तेथले पान साफ झालेले असते. न झाले असेल तर समजावे की वाढप जास्त होत आहे, आणि दोन दिवस लंघन घालावे. चिलटे होतात ती उघड्या राहिलेल्या फळामुळे. पातेऱ्याचे पांघरूण जाड असले की ती होत नाहीत. लिंबाची साल, मिरचीची देठे आणि फार कांदा-लसूण त्यांस सोसत नाही. चहाचा चोथा चालतो, परंतु आपला चहा दुधा-साखरेचा. म्हणून चोथा धुऊन घालावा लागतो. कलिंगड, पपई, दुधी व केळ्याच्या साली यांवर त्यांची उडी पडते. चिकू तर विचारूच नये! डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात गांडुळांचे मत विचारात घेतले असते तर ते काम पुष्कळ आधी झाले असते.

अशा घरात गांडुळांसही आपोआप पंचांग लागू होते. चातुर्मासात कांदा-लसूण घरातच येत नाही, त्यामुळे त्यांसही चातुर्मास घडतो. एकादशीस रताळ्याच्या व बटाट्याच्या साली, वैशाखात आंब्याच्या, श्रावणात केळीची फाटकी पाने. गणपती उठले म्हणजे पत्री, दूर्वा व जास्वंदीचा मोठा ढीग निघतो. निर्माल्य पेटीत घालण्यास काकू तयार होतील की नाही याची आम्हांस धास्ती होती, पण त्यांनी स्वतःच फुले दोऱ्यातून सोडविली, गुलाल लागलेली बाजूस काढली आणि म्हणाल्या, “पाण्यात सडण्यापेक्षा कुणाच्या मुखी गेलेलं बरं.”

पेटीत शिजलेले अन्न चालत नाही, याचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. साली वेगळ्या काढल्यावर उरलेले खरकटे एका भांड्यात एकटे दिसू लागले. वाटीभर आमटी, दोन पोळ्या, चमचा-चमचा भाजी. पूर्वी हे सालींच्या ढिगात लपत असे. महिन्याभरातच कणकेचे माप कमी झाले, आणि ते कोणी कोणास सांगितल्यावाचून झाले.

या प्राण्याविषयी जितके कुतूहल चार्ल्स डार्विनने दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असेल. त्याचे शेवटचे पुस्तक गांडुळांवर आहे. ते १८८१ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. घरात मातीच्या कुंड्यांत गांडुळे ठेवून त्यांस कोणती पाने आवडतात हे तो पाही. त्यांस ऐकू येते काय, याची परीक्षा म्हणून घरातली माणसे त्यांच्यापुढे वाद्ये वाजवीत; पियानोच्या सुरांकडे त्यांनी लक्ष दिले नाही, परंतु कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजविला तेव्हा ती बिळात शिरली. कान नसले तरी कंप कळतो, हे त्यावरून ठरले. आमच्या नातवाने ही गोष्ट ऐकून बाजाची पेटी गांडूळपेटीशी नेऊन ठेवली व भूप वाजविला. परिणाम दिसला तो शेजाऱ्यांवर.

पाल्यापाचोळ्याचे खत करण्याची विद्या आपल्या मुलखास नवी नाही. इंदूरच्या शेतकी संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने जी पद्धत बसविली, तिचे दोघांच्या नावांवरील पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. ‘इंदूर पद्धत’ हे नाव तेव्हापासून जगभर झाले. परंतु तीत ढीग लागतात, आणि ते ठरावीक दिवसांनी खालीवर करावे लागतात. घराच्या मापाचे काम करावयाचे तर ढीग उलथण्याचे कष्ट गांडुळांवर सोपविलेले बरे. आमच्याच रेल्वेमार्गावर घोलवड मागे टाकून सीमा ओलांडली की उंबरगावाजवळ देहरी हे गाव येते. तेथे भास्कर सावे यांनी रासायनिक खतांची वाट सोडून आपली वाडी पिकविली, आणि जमीन नांगरण्याचे काम गांडुळांकडेच दिले. ते २०१५ साली वारले. त्यांची वाडी पाहून आलेली माणसे आमच्या जिल्ह्यात पुष्कळ भेटतात. उलटपक्षी, याच भागात भाताच्या रोपांसाठी पाला, फांद्या व शेण पसरून ‘राब’ जाळण्याचीही फार जुनी चाल आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ती नोंदलेली सापडते. तिची कारणे शेतकऱ्यास ठाऊक. आम्ही शहाणपण सांगावयास जात नाही.

ऋतूंचा त्रास मात्र आहे. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पहिल्याच आषाढात एका रात्री वाऱ्याने पागोळ्या आत झोडपल्या आणि सकाळी पाहतो तो गांडुळांचा एक घोळका घडवंचीच्या पायावरून उतरण्याच्या बेतात! काकू म्हणाल्या ते खरेच, वाट मोकळी होती. पेटी पडवीच्या आत घेतली, कोरडा भुसा मिसळला, तेव्हा मंडळी परत स्थिरावली. वैशाखात उलट, गोणपाट दिवसातून दोनदा भिजवावे लागते.

आमचा एक पुतण्या बोईसरास राहतो व तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याची जागा तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, पातेरा नाही. त्याने आमच्याकडची मूठभर गांडुळे नेऊन सज्जात दोन जुन्या माठांत बिऱ्हाड थाटले. वर्तमानपत्रे फाडून भिजवून तो पातेऱ्याचे काम भागवितो. दोन महिन्यांनी शेजाऱ्यांची तक्रार आली की, सज्जातून दुर्गंधी येते. आता तारापूरचा वारा ज्यास ठाऊक आहे त्यास यातली मौज कळेल. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक वसाहतींची प्रदूषणाच्या मानाने क्रमवारी लाविली, तीत तारापूरचा पहिला क्रमांक आला होता. रात्री वारा फिरला म्हणजे काय येते हे तेथल्या लहान मुलासही सांगता येते. सोसायटीचे दोन गृहस्थ चौकशीस आले, माठात वाकून त्यांनी हुंगले, आणि पावसाळी मातीखेरीज दुसरा वास त्यांस आला नाही. मूळ खाली तुंबलेल्या गटारात सापडले. त्याच तारापुरात १९६९ पासून देशाचे पहिले अणुवीजकेंद्र आहे. तेथल्या कचऱ्याचा कण न् कण मोजून, बंदोबस्तात ठेवावा लागतो. तीन मैलांवर भाजीची साल मात्र रस्त्याकडेला पेटविलेली दिसते.

अडीच-तीन महिन्यांनी पहिले खत निघाले. चार दिवस पाणी बंद करून आतला ऐवज उजेडात ढिगाने ठेवावा. गांडुळे उजेड टाळीत तळाशी जातात, तसतसा वरचा थर हाताने काढीत जावे. चहाच्या पत्तीसारखे काळे, रवाळ, हातास न चिकटणारे. जेवढा ओला कचरा घातला त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच ते भरते, बाकीचे पाणी. हे खत म्हणजे जादू आहे अशी जाहिरात काहीजण करतात, तिच्यावर विश्वास ठेवू नये. त्यात नत्र फार नसते. त्याचा गुण आहे तो माती भुसभुशीत ठेवण्यात. आमची तुळस, मोगरा व पानवेल त्यावर संतुष्ट आहेत.

घंटागाडीत आमच्या घरचा आता सुका कचरा जातो, आणि खरकट्याचे एक लहान भांडे. आळीतल्या सव्वीस घरांपैकी चार घरांनी पेट्या केल्या आहेत. बाकीच्यांची पिशवी पूर्वीसारखीच आहे. गाडीवरचा तो तरुण हल्ली दिसत नाही. दुसऱ्या भागात बदलला असे ऐकतो.

आमच्याकडे कामास येणाऱ्या मावशी सातपाटीच्या. चार वर्षे त्यांनी पेटीकडे पाहून हसण्यापलीकडे काही केले नव्हते. गेल्या महिन्यात त्यांनी काकूंकडे अर्धा किलो गांडुळे मागितली, आणि जरा घुटमळत विचारले, “काकू, आमच्याकडं कोलंबीची सालं निघतात. ती घातली तर चालतील का?” स्वयंपाकघरात क्षणभर सर्वांचे हात थांबले. काकूंनी चष्मा काढला व मुलांस ते वाचून पाहावयास सांगितले. थोडी चालतात, धुऊन, वाळवून, चुरून आणि खोल पुरून घालावी, म्हणजे वास येत नाही व मांजर उकरीत नाही. काकूंनी ते मावशींना दोनदा समजावून सांगितले, आणि गांडुळे स्वतः मोजून, ओल्या गोणपाटात बांधून दिली.